बोलोन्यात रविवारी कुठे जेवायचं

बोलोन्या, ९ सप्टेंबर १९९७

बाबा,

तुमचं कार्ड मिळालं. एका बाजूला बारीचा समुद्र, दुसऱ्या बाजूला तुमचं अक्षर, आणि तिसऱ्याच ओळीत कामाचं बोलणं. ऑक्टोबरच्या मध्याला तुम्ही आणि इनेसबाई चार दिवस बोलोन्याला येणार. फिरायला, दोघंच. कुठे उतरायचं, काय बघायचं, कुठे जेवायचं, ते मी कळवावं. ‘तुला तिथली माहिती आहे,’ असं तुम्ही लिहिलंय. आहे. लग्न करून आल्यापासून इथेच आहे मी, माहिती नसून कुणाला सांगते.

फोन केला असता तर दोन मिनिटांत काम झालं असतं, हे मला कळतं. पण फोनवर माझा आवाज चढतो. आई गेल्याला वर्ष झालं त्या दिवशी, मिस्साच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर तो किती चढला होता ते अख्ख्या गल्लीने ऐकलंय. इनेसबाई तुमच्या हाताला धरून बाहेर आल्या आणि मी म्हणाले ते म्हणाले. ते मी मागे घेतलेलं नाही. आईला बोलोन्या बघायचं होतं. दर ऑगस्टला मी बारीला आले की ती विचारायची, तिथे कमानीखालून चालत पाऊस न लागता घरी जाता येतं म्हणतात, खरं का गं? आणि तुम्ही दर वेळी म्हणायचात, दुकान कोण बघणार. खिळे आणि रंगाचे डबे विकणारं दुकान चार दिवस बंद राहिलं असतं तर बारी बुडालं नसतं. आता ते बंद राहणार आहे. इनेसबाईंसाठी.

असो. चष्मा करायला आलेलं गिऱ्हाईक कधीकधी विचारतं, बाई, इथे कुठे चांगलं मिळतं? त्याला मी सांगते, तसंच तुम्हालाही सांगेन. भेटणार मात्र नाही. इनेसबाई माझ्या घरात येणार नाहीत, आणि त्यांना बाहेर बसवून तुम्ही एकटे याल असं मला वाटत नाही. तसं केलंत तर मला ते आवडणारही नाही. तेव्हा हा विषय इथेच मिटला.

उतरायला स्टेशनजवळ नको, गोंगाट असतो. मोठ्या चौकामागे एक लहान हॉटेल आहे, त्याला लिफ्ट आहे. इनेसबाईंचा गुडघा दुखतो असं मावशीकडून कळलं होतं. सोबत पत्ता जोडते. मागच्या अंगाची खोली मागा.

बघण्यासारखं म्हणाल तर चौक, कारंजं आणि मोठं चर्च. कारंज्यावरचा समुद्रदेव उघडा आहे, इनेसबाई लाजल्या तर तुम्ही बघा काय करायचं ते. उंच मनोऱ्यावर चढू नका, गुडघा राहू द्या, तुमच्याच छातीचा भाता होईल. विया पिएल्ला नावाच्या गल्लीत भिंतीत एक छोटी खिडकी आहे, ती उघडली की खाली कालवा दिसतो. जोडपी तिथे रांग लावून फोटो काढतात. दोन मिनिटांचं काम आहे. टेकडीवरच्या सान लुकाच्या चर्चला कमानींखालून चालत जाण्याची पद्धत आहे, तुम्ही बसने जा आणि उतरताना थोडं चाला.

चौकातल्या जुन्या वाड्याखाली एक कमान आहे. तिच्या एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून हळू बोललं की समोरच्या कोपऱ्यात भिंतीला कान लावलेल्याला स्वच्छ ऐकू येतं. पूर्वी महारोग्यांच्या पापांची कबुली लांबून ऐकून घ्यायला तिचा उपयोग व्हायचा म्हणतात. आता प्रेमिक जातात. ओरडायची गरज नसते, हे तुम्हाला मुद्दाम सांगते.

जेवणाचं पुढच्या पत्रात.

मिरेला


बोलोन्या, २६ सप्टेंबर

बाबा,

तुमच्या तक्रारी आल्या. तुम्ही अजून गाडीतही बसला नाहीत आणि जेवणाला नावं ठेवून मोकळे. टोर्टेलिनी, म्हणजे मांस भरलेल्या पास्त्याच्या बारक्या गाठी, सुपात घालून खातात म्हणजे ते ‘आजाऱ्याचं जेवण’, असं इथे कोणासमोर म्हणू नका. तुम्ही एका खानावळीतून बाहेर पडाल आणि दुसरीत तुम्हाला कोणी आत घेणार नाही. मासळी कुठे चांगली मिळते असं विचारलंय. बारीला. इथे समुद्र नाही. चार दिवस ऑक्टोपस न खाता माणूस जगतो, मी इतकी वर्षं जगले आहे.

तुमच्या जावयाने, लोरिसने, तुमचं कार्ड वाचलं आणि हसून हसून त्याचा चष्मा पडला. म्हणाला, “म्हाताऱ्याला स्पॅगेटीवर रागू मागायला लाव, मजा येईल.” तसं करू नका. इथे मांसाचा रस्सा पास्त्याच्या रुंद पट्ट्यांवर घेतात, स्पॅगेटीवर कोणी घेत नाही. मागितलंत तर आणून देतील, पण तुम्हाला परदेशी समजतील. त्याला मी सांगितलं की तू माझ्या वडिलांना म्हातारा म्हणू नकोस. तो म्हणाला, तू तर त्यांच्याशी बोलतही नाहीस. मी म्हटलं, तो माझा प्रश्न आहे.

आता क्रमाने. गुरुवारी रात्री प्रवासाने दमलेले असाल. हॉटेलच्या डाव्या हाताला कोपऱ्यावर एक जागा आहे, तिथे गरम तळलेली पोकळ भाकरी मिळते, तिच्यात हॅम आणि मऊ चीज भरून खातात. हलकं नाही, पण झोप चांगली लागते. शुक्रवारी दुपारी बाजारामागच्या गुत्त्यात जा. तिथे फक्त वाइन मिळते, खाणं आपलं आपण न्यायचं. मोर्टाडेला सॉसेजचे काप, पाव आणि चीज बाजारातून घ्या आणि लांब बाकावर अनोळखी लोकांच्या मांडीला मांडी लावून बसा. इनेसबाईंना आवडेल, त्यांना बोलायला माणसं लागतात. शुक्रवारी रात्री हिरवं लझान्या. त्या जागेचा पत्ता मागे लिहिलाय, आणि आधी सांगून ठेवलंत तर खिडकीजवळचं टेबल देतात. मेणबत्ती वगैरे असते. तुम्ही दोघं फिरायला येताय, तर एक जेवण तसं व्हायला हरकत नाही.

शनिवारी सकाळी कॉफी, चौकात नको, एक गल्ली आत. दुपारी काहीतरी थोडं, कारण रात्री इर्माकडे जायचंय. इर्माची खानावळ आमच्या गल्लीच्या टोकाला आहे. तिथे सूपवाले टोर्टेलिनी खा, नावं न ठेवता. मग ते हॅम आणि चीज घातलेलं तळलेलं मांस. इर्माला माझं नाव सांगायची गरज नाही.

रविवारी सकाळी उशिरा उठा. इनेसबाईंना मिस्साला जायचं असेल तर मोठ्या चर्चमध्ये जा, थंडी वाजते, शाल न्या. संध्याकाळी हवा चांगली असेल तर कालव्याच्या बाजूला फिरा, भूक असली तर पिझ्झा. सोमवारची गाडी सकाळची आहे. स्टेशनवरचं काही खाऊ नका, आदल्या दिवशी पाव आणि हॅम घेऊन ठेवा.

याहून जास्त मला माहीत नाही.

मिरेला


बोलोन्या, ८ ऑक्टोबर

बाबा,

तुमचं पत्र वाचून मी आधी खुर्चीत बसले. ‘इनेस विचारते, रविवारी येताना क्रीमची मिठाई आणू की बदामाची? आम्ही साडेबाराला पोचतो.’

कुठे पोचता?

मी लोरिसला म्हटलं, यांना भ्रम झालाय, मी स्वच्छ लिहिलं होतं की भेटणार नाही. तो म्हणाला, “नंतरच्या पत्रात काय लिहिलंस?” मी म्हटलं, जेवणाच्या जागा. “सगळ्या?” सगळ्या. “रविवार दुपारची कुठली?” मी बोटावर मोजायला लागले. गुरुवार रात्र. शुक्रवार दोन्ही वेळा. शनिवार दोन्ही वेळा. रविवार संध्याकाळ. आणि मग लक्षात आलं.

लोरिस कपाळाला हात लावून म्हणाला, “अगं, बारीच्या माणसाला तू सगळी जेवणं सांगतेस आणि रविवारची दुपार मोकळी सोडतेस. तो दुसरा काय अर्थ घेणार?”

ती मी मोकळी सोडली नव्हती. रविवारी दुपारी कुठे जेवायचं हे आपल्यात कोणी कोणाला सांगतं का? रविवारी दुपारी माणूस घरी जेवतो, आपल्या नाहीतर आपल्या माणसांच्या. माझा हात त्या ओळीवरून तसाच पुढे गेला. त्यात आमंत्रण नव्हतं. तुम्ही ते आमंत्रण समजलात यात तुमची काही चूक नाही, हे मी मान्य करते. मीही तसंच समजले असते. पण ती माझी नजरचूक आहे, आणि नजरचुकीवर कोणाला जेवायला बोलवत नाहीत.

तेव्हा दुरुस्ती अशी. रविवारी दुपारी एक वाजता इर्माकडे. मी स्वतः जाऊन तुमच्या नावाने टेबल राखून ठेवलंय, दोघांसाठी. शनिवारी रात्री मग दुसरीकडे जा, बाजाराच्या बाजूला दोन-तीन चांगल्या जागा आहेत, त्यांपैकी कुठलीही. इर्माला मी सांगितलं की बारीचे ओळखीचे लोक आहेत.

मिठाई आणू नका.

मिरेला


बोलोन्या, १४ ऑक्टोबर

बाबा,

तुमची एक ओळ मिळाली. ‘खानावळ चालेल. आभार.’ तुम्ही रागावता तेव्हा पानभर लिहिता, एक ओळ लिहिता तेव्हा काय होतं ते मला माहीत आहे, पण मी त्यात शिरणार नाही.

त्याच पाकिटात इनेसबाईंची चिठ्ठी होती. तुम्हाला ती दाखवली नसेल तर मी सांगते. त्या लिहितात की तुम्ही न्हाव्याला सांगितलंत, पाववाल्याला सांगितलंत, मावशीला सांगितलंत, की रविवारी मिरेलाकडे जेवायला आहे. निळा कोट धुवून आणलात. आता मागे कसं फिरायचं म्हणून तुम्ही कोणाला काही बोलला नाहीत. पुढे त्या लिहितात, ‘मला डोकेदुखीचा त्रास आहेच. रविवारी मी हॉटेलात पडून राहीन, तू वडिलांना जेवायला बोलव, मी येऊन गेले हे तू विसरून जा.’

त्यांना माझ्यातर्फे सांगा की असला सौदा मला नको. चार दिवसांसाठी हौसेने आलेली बाई रविवारी हॉटेलच्या पलंगावर पाव खात बसणार आणि इथे आम्ही सूप पिणार, असं माझ्या घरी होत नाही. त्या मला आवडत नाहीत. पण म्हणून त्यांनी उपाशी राहावं असं मी कधी म्हटलेलं नाही.

तुम्ही बारीत कोणाला काय सांगता त्याला मी जबाबदार नाही. टेबल इर्माकडे आहे, एक वाजता, आतल्या बाजूला. वारा लागत नाही.

हे पत्र तुम्ही निघायच्या आत पोचेल की नाही कोण जाणे, म्हणून हेच हॉटेलच्या पत्त्यावरही पाठवते.

मिरेला


बोलोन्या, २१ ऑक्टोबर

बाबा,

काल स्टेशनवर तुम्ही खिडकीतून हात हलवत राहिलात आणि मी हात वर केला नाही. हातात इनेसबाईंना परत द्यायचा राहिलेला रिकामा डबा होता. तेवढंच कारण होतं, दुसरं काही शोधू नका.

तोंडाने बोलायचं होतं ते राहिलं. समोरासमोर माझा आवाज चढतो, नाहीतर बसतो. रविवारी बसला होता. म्हणून लिहिते. त्या दिवसाची तुमची बाजू तुम्हाला माहीत आहे, माझी ऐका.

सकाळी मी टोर्टेलिनी वळत होते. लोरिस येऊन उभा राहिला. म्हणाला, “दोघांना एवढे? पलटण येणार आहे का?” मी म्हटलं, उरले तर उद्या. आम्ही जेवायला बसलो. त्याने चमचा उचलला आणि म्हणाला, “तुझा बाप साव्हेरिओ आत्ता इर्माकडे सूप फुंकत असेल. रविवारी दुपारी. जगात कोणी नसल्यासारखा.”

मी चमचा खाली ठेवला आणि कोट घातला. इर्माकडे गेले तर आतलं टेबल रिकामं. इर्मा म्हणाली, “तुझे वडील सकाळीच येऊन सांगून गेले, टेबल नको. रविवार आहे, लेकीकडेच जेवणार म्हणाले. फार सभ्य माणूस. मला ओळखीचे लोक म्हणालीस, वडील का नाही म्हणालीस गं?” मी तडक बाहेर पडले. हॉटेलात गेले. तिथल्या माणसाने सांगितलं, मघाशीच बाहेर पडले, मुलीकडे जेवायला.

तुम्ही मला चौकातल्या कमानीखाली सापडलात. निळा कोट घालून, शाळेत शिक्षा झाल्यासारखे कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभे होतात आणि भिंतीशी हळूहळू बोलत होतात. समोरच्या कोपऱ्यात इनेसबाई भिंतीला कान लावून हसत होत्या. तुम्ही काय बोलत होतात ते मला कळलं नाही आणि कळायला नको. पण तुम्हाला कुजबुजता येतं हे मला माहीत नव्हतं. आईशी तुम्ही कुजबुजलेलं मला आठवत नाही. मला फार वाईट वाटलं, आईसाठी, आणि मी तशीच परत फिरणार होते.

मग तुमचा दुसरा हात दिसला. बोटात रिबिनीचा फास, आणि त्याला लटकलेला मिठाईच्या दुकानाचा पुडा. असा पुडा हातात घेतलेला माणूस रविवारी दिसला की कोणालाही कळतं, हा कुणाच्या तरी घरी जेवायला चाललाय.

मी विचारलं, “हे काय?”

तुम्ही दचकलात. “मिठाई.”

“कोणासाठी?”

“कोणासाठी नाही. रविवार आहे. मोकळ्या हाताने फिरायला बरं दिसत नाही.”

इनेसबाई तोपर्यंत लंगडत आल्या होत्या. “सकाळपासून मिरवतोय तो पुडा,” त्या म्हणाल्या. “लोक बाजूला होतात, छान जेवा म्हणतात. मी म्हटलं, अरे, बाकावर बसून एकेक तरी खाऊ या, माझ्या पोटात कावळे ओरडतायत. तर म्हणे, सोडलेला पुडा घेऊन चारचौघांत कसं फिरायचं?”

मी म्हटलं, सूप गार होतंय. आणि पुढे चालायला लागले. मागे वळून बघितलं नाही, कारण माझं तोंड बघण्यासारखं नव्हतं.

आजाऱ्याचं जेवण तुम्ही तीनदा वाढून घेतलंत, याची नोंद लोरिसने घेतली आहे. तो आता आल्यागेल्याला सांगतो.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही आणि लोरिस गॅलरीत गेलात तेव्हा इनेसबाई भांडी पुसायला आल्या. मी नको म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. म्हणाल्या, “तुझी आई दोरे-बटणं घ्यायला माझ्याच दुकानात यायची. मी विचारायचे, काय गं, लेकीकडे कधी जाणार? म्हणायची, बोलावलं की जाईन. मी म्हणायचे, बोलावलंय ना तिने? तर म्हणायची, केव्हाही या म्हणाली. केव्हाही म्हणजे कुठल्या रविवारी?”

मी बशी पुसत राहिले.

“शेवटच्या वर्षीसुद्धा तेच. साव्हेरिओ म्हणत होता, चल, मी दुकान बंद करतो, तिकिटं काढतो. ती म्हणाली, न बोलावता जावयाच्या दारात उभी राहणार नाही मी. आणि पोरीला यातलं काही सांगायचं नाही, तिला लागेल. दुकानाचं नाव सांग.”

हे त्यांनी मला सांगितलं म्हणून त्यांच्यावर ओरडू नका. तुम्ही बजावलं होतंत हेही त्यांनी सांगितलं. त्या म्हणाल्या, “त्याने शब्द दिला होता तुझ्या आईला. मी दिला नव्हता.”

काल दिवसभर मी दुकानात लोकांना चष्मे लावून बघत होते आणि मला स्वतःला काही दिसत नव्हतं. चूक माझी होती असं म्हणायला मी तयार नाही. इथे केव्हाही या म्हणजे केव्हाही या, लोक दार वाजवतात आणि बसतात. मी इथली भाषा बोलले आणि आईने ती बारीत बसून ऐकली. तिने तोंड उघडून एकदा विचारायला हवं होतं, तू कुठला रविवार म्हणते आहेस गं? मला तिचा राग आला, मेलेल्या माणसाचा. मग रडू आलं. दुकानाच्या मागच्या खोलीत रडले, हे लिहायला हरकत नाही.

पण तुमचं मला कळत नाही. ती असताना तुम्ही माझे टोमणे ऐकलेत. ती गेल्यावरही ऐकलेत. चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्या गल्लीदेखत मी तुम्हाला काय काय म्हणाले, आणि तुम्ही टोपी हातात घेऊन ऐकून घेतलंत. एक वाक्य बोलला असतात तर मी गप्प झाले असते. तुम्ही ते वाक्य बोलला नाहीत, कारण मग आई माझ्या मनातून थोडी उतरली असती. तुम्ही स्वतः उतरलात. इतकं करायला तुम्हाला येतं हे मला ठाऊक नव्हतं, आणि त्याबद्दल मी काय लिहावं ते मला सुचत नाही. आभार हा शब्द बरोबर नाही.

इनेसबाई मला अजून फारशा आवडत नाहीत. त्या फार बोलतात आणि भांडी पुसताना कोपरे सोडतात. त्यांना हे वाचून दाखवलंत तरी चालेल.

नऊ नोव्हेंबरला रविवार आहे. दुपारी साडेबारा वाजता तुम्ही दोघांनी आमच्या घरी जेवायला यायचं आहे. क्रीमची आणा, बदामाची लोरिसला चाववत नाही.

तुमची
मिरेला